विणाईच्या मोज्यांची कहाणी

ऐक गं विणाई माय, तुझी कहाणी तुलाच सांगते. जमलेल्या बायांनो, तुम्ही हुंकार द्या.

डोंगराच्या माथ्यावर एक आटपाट नगर होतं. तिथं वैशाखातसुद्धा पहाटे घोंगडी लागे, आणि पौषात तर चुलीपुढून उठवत नसे. त्या नगरात येसू नावाची बाई राहायची. नवरा निवर्तलेला, पोटी एकच लेक, आवडी. ती खाली देशावर दिलेली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आवडी मुलांना घेऊन माहेरी येई. थोरला गोंदा, मधली ठकी, धाकटी बयो.

येसूला तिच्या सासूनं विणाईचा वसा दिला होता. वसा काय? तर सुट्टी लागली की लोकर आणावी. ओसरीवर घोंगडी पसरावी. घरच्यांनी जवळ जवळ बसावं. लेकराचं पाऊल मांडीवर घ्यावं, वितीनं मापावं, त्या मापाचा मोजा विणावा. उन्हात विणावा, थंडीत घालावा. विणताना घाई करू नये, जवळ बसल्याला दूर सारू नये.

येसू वसा पाळी. ती सुयांवर टाके घाली, आवडी शेजारी बसून कैऱ्या किसे. गोंदा लोकरीची लड हातांवर ताणून धरी, ठकी तिचा गुंडा करी, आणि गुंडा निसटला की बयो त्याच्यामागं रांगत जाई. दुपारी आमटी-भात, वर मूठभर करवंदं. मग आडवं व्हावं, मग पुन्हा विणायला बसावं. मोठं असं काही घडत नसे. ना सण, ना पाहुणा. पण येसूला वाटे, दिवस असाच असावा, अजून थोडा लांबावा. सुट्टी संपली की मुलं नवे मोजे गाठोड्यात घालून देशावर जात, आणि पौषाच्या थंडीत ते पायात घालून आजीची आठवण काढत.

मग काय झालं? नगरच्या राणीनं एका दासीच्या पायात येसूनं विणून दिलेले मोजे पाहिले. टाच कशी गोल वळलेली, टाका कसा टाक्याला लागून! राणीनं पालखी पाठवली. येसूला बोलावून घेतलं. "साऱ्या महालाला असे मोजे विणून दे. पावसाळा लागायच्या आत दे," म्हणाली. येसू पालखीत बसून घरी आली. शेजारणी दारात उभ्या राहून बघू लागल्या. येसूची मान ताठ झाली.

इतक्यात सुट्टी लागली. आवडी आली, मुलं आली. येसू ओसरीवर विणत बसलेली.

गोंदा आला. म्हणाला, "आजी, माझं पाऊल माप." येसू म्हणाली, "घोड्याएवढा झालास. जा, बाहेर खेळ."

मग ठकी आली. म्हणाली, "आजी, लड धरू?" येसू म्हणाली, "तुझे हात चिकट. राणीची लोकर मळेल."

मग बयो आली. तिनं आपलं इवलं पाऊल आजीच्या मांडीवर ठेवलं. येसूनं ते उचललं, खाली ठेवलं, म्हणाली, "ऊठ."

आवडीनं हे पाहिलं. ती म्हणाली, "आई, मुलं तुझ्यासाठी येतात गं."

"मग बसू देत की. मी काय हाकलतेय?" येसू मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आवडीनं गाठोडं बांधलं. येसू म्हणाली, "अगं, सुट्टी संपली नाही अजून."

"संपली, आई," आवडी म्हणाली, आणि मुलांना घेऊन डोंगर उतरली.

मग विणाई कोपली. येसूच्या सुईवरून टाके गळू लागले. बोटांकडची बाजू मिटेना, टाच वळेना. महालातले मोजे एका धुण्यात उसवले. राणीनं काम दुसरीला दिलं. पालखी आली नाही, शेजारणी दारात आल्या नाहीत.

पुढचा उन्हाळा आला. येसूनं ओसरी सारवली, घोंगडी पसरली, वाट पाहत बसली. कुणी आलं नाही. देशावर जाणाऱ्या कासाराला म्हणाली, "आवडीला सांग हो, सुट्टी लागली." कासार परत आला. म्हणाला, "सांगितलं. मुलांना यंदा जमत नाही म्हणाल्या." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यालाही जमलं नाही. त्याच्याही पुढच्या नाही.

येसू सवयीनं सगळ्यांच्या मापाची आमटी करी आणि तीच दुसऱ्या दिवशी खाई. परड्यात कैरी गळून पडली की तिला घरात ऐकू येई, इतकं घर गप्प झालेलं. करवंदं विकणारी बाई दारात आली तर येसू तिला उगाच थांबवून ठेवी. गाव कोणतं, मुलं किती, जावई कसा. बाई म्हणे, "आजी, टोपली तशीच आहे, जाऊ द्या मला." मग येसू आत येई, आपल्याशीच काही बोले, आणि आपलाच आवाज ऐकून दचके.

एके दुपारी तिनं लोकर काढली. म्हणाली, "बयोला मोजे विणते. कुणाबरोबर तरी धाडीन." टाके घालायला घेतले, आणि हात थांबला. किती घालायचे? बयोचं पाऊल आता केवढं असेल? आठवणीनं विणला. विणून झाल्यावर हातात धरला, तर इवलासा. त्या मापाचं पाऊल आता कुठंच नव्हतं. उसवला. मोठा विणला. तो कुणा परक्याचा वाटला. उसवला. तिसऱ्यांदा सुया हातात घेतल्या आणि येसू रडू लागली. "विणाई माय, माझ्या नातीचं पाऊल मला ठाऊक नाही."

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. अनवाणी, टाचांना भेगा, भेगांत माती. म्हणाली, "बाई, पाणी दे." येसूनं पाणी दिलं. तिचे पाय पाहिले. म्हणाली, "बसा हो." ऊन पाण्यानं पाय धुतले, भेगांना तेल लावलं, पाऊल मांडीवर घेतलं आणि वितीनं मापलं.

म्हातारी म्हणाली, "हात तर मायेचा आहे. मग रडत का होतीस?" येसूनं सारं सांगितलं. काही लपवलं नाही.

म्हातारी म्हणाली, "पाऊल इथवर येत नसेल, तर मांडी तिथवर न्यावी." येसू तांब्या आत ठेवून बाहेर आली, तर ओसरीवर कुणी नव्हतं.

येसूनं लोकर, सुया आणि घोंगडी बांधली. डोंगर उतरली. देशावर ऊन पेटलेलं. वाटेत लोक हसत, "आजी, वैशाखात लोकर कुणाला?" ती म्हणे, "थंडी येईलच ना," आणि चालू लागे.

आवडीच्या दारी पोचली. दारात एक मुलगी उभी होती. तिनं येसूकडं पाहिलं, आणि आत तोंड करून हाक मारली, "आई, कुणी बाई आलीय!"

ती बयो होती. येसूनं दाराची चौकट धरली.

आवडी बाहेर आली. पाणी दिलं, पाट दिला. "बस," एवढंच म्हणाली. येसू बसली नाही. म्हणाली, "आवडे, लेकरू मांडीशी आलं होतं, मी त्याला ऊठ म्हटलं. माझं चुकलं."

आवडी पदराचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, "दर पौषात ठकी विचारायची, यंदा आजीचे मोजे का नाहीत? मी सांगायची, आजीकडची लोकर संपली. किती वर्षं तेच सांगायचं, आई?"

"गोंदा कुठंय?"

"दूरदेशी शिकायला गेला. मिसरूड फुटलं त्याला."

येसू तेव्हा पाटावर बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर घोंगडी पसरली. कुणाला हाक मारली नाही. एकटीच विणत बसली. मग आवडी शेंगा सोलायला घेऊन शेजारी आली. मग ठकीनं येऊन लड धरली. बयो दारातूनच बघत राहिली. पुढं बरेच दिवस ती दारातच राहिली. येसूनं गोंदाची जुनी वहाण मागून घेतली, तिच्यावर वीत ठेवली, वर दोन बोटं धरली आणि अंदाजानं त्याचा मोजा विणला.

एका दुपारी येसू टाच वळवत होती. मांडीवर काहीतरी टेकलं. पाऊल होतं. येसूनं वर पाहिलं नाही, न जाणो मागं घेईल. हळूच वीत लावली. वीत पुरली नाही.

"केवढं झालं गं," येसू म्हणाली.

"तेवढंच तर आहे," बयो म्हणाली, आणि पाऊल तिथंच राहू दिलं.

सुट्टी संपली. येसू एकटी डोंगर चढून घरी आली. पुढच्या उन्हाळ्यात आवडी आली, ठकी आली, बयो आली. ओसरी भरली. येसूच्या सुईवरून पुन्हा टाका गळला नाही. मधले उन्हाळे मात्र परत आले नाहीत. तेवढे विणाईलाही परत देता येत नाहीत. येसूनं ते मागितलेही नाहीत.

येसूला विणाई पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ज्या बाईची ओसरी रिकामी आहे, तिच्या मांडीवर कुणाचं तरी पाऊल टेको. ही साठां टाक्यांची कहाणी, पांचा टाक्यांत विणली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.