धुरपताबाईचा मोकळा वळू

वेशीपाशी तो लाल वळू उभा आहे ना, त्याला खुशाल हात लावा, मारत नाही. फक्त मालक कोण म्हणून विचारू नका. बोरगव्हाणच्या वळूला मालक नाही, नाकात वेसण नाही. मन्याड नदीकाठच्या गावांतून तो फिरत असतो. एका गावात सलग दोन दिवस थांबलेला कुणी पाहिला नाही.

असे सांगतात, पूर्वी इथल्या गढीत एक देशमुख होता. लाल कंधारी जातीचं जनावर फक्त आपल्याच गोठ्यात पैदा व्हावं, असं त्याच्या मनानं घेतलं. गावोगावचे सगळे वळू खच्ची करण्याचा त्याने हुकूम सोडला. त्याची माणसं घरोघर फिरू लागली.

लिंबाजी हटकराकडे एक ऐन उमेदीचा वळू होता. माणसं गल्लीत शिरलेली पाहून तो बायकोला म्हणाला, "धुरपता, तू याला घेऊन मागच्या वाटेनं नीघ. मी ह्यांना बोलण्यात गुंतवतो."

ती निघाली. लिंबाजीला त्यांनी गढीत डांबलं. वळू परत येईल त्या दिवशी हा सुटेल, अशी दवंडी पिटली. ती तिच्या कानावर पडली तेव्हा ती दोन गावं पुढे होती. त्या दिवशी ती तीनदा मागे फिरली म्हणे, आणि तीनदा थबकली. मग पुढेच चालत राहिली.

लांबवर धूळ दिसली की ती हातातली भाकर टाकून उठायची. गावोगावच्या गाई त्या वळूपासून गाभण राहत होत्या. प्रत्येक गावात तिचं एकच विचारणं, "आमच्या घरची काही खबर?"

"बरं हाय माय," लोक सांगायचे. "तू चल पुढं."

लिंबाजी चौथ्या महिन्यातच गढीत तापाने गेला होता. हे साऱ्या गावांना माहीत होतं. तिच्या कपाळावरचं कुंकू पाहून लोक मान खाली घालायचे. आपल्या गाई गाभण राहू देत, पुढच्या गावचे सांगतील, असं जो तो म्हणायचा.

वर्ष सरलं. दारोदार लाल वासरं हुंदडू लागली. कुणाकुणाची धरणार? देशमुखाने हुकूम मागे घेतला. धुरपताबाई घराकडे निघाली. शेवटच्या गावात सोनाई नावाच्या म्हातारीनं तिला पाणी दिलं, आणि म्हातारीला राहवेना.

"पोरी, तुझा लिंबाजी नाही राहिला."

"कधी?"

"आठ महिने झाले."

"आठ महिने? इतक्या गावचं पाणी प्याले मी. कुणीच कसं सांगितलं नाही?"



धुरपताबाई तशीच गढीच्या दारात गेली. वळूची वेसण विळ्यानं कापून तिनं आत फेकली. "हा आता तुमचा नाही, माझा बी नाही," एवढंच बोलली. त्यानंतर ती कुठल्याच घरात स्वस्थ बसली नाही म्हणे. उठायची, दाराशी जायची, वाटेकडे बघायची.

आजही या पट्ट्यात कुणी दारात आलं, की त्याच्या घरची खबर आधी सांगतात, कितीही वाईट असो. पाणी त्यानंतर.