तान्हूबाईने रोवलेले वाळुंज

सज्जनहो, उमानाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी आंबवडी गावी, टेकडावरच्या मठीत होता. खाली ओढा वाहायचा आणि ओढ्याकाठी तान्हूबाई परटिणीची झोपडी. नवरा मागेच वारलेला. गावाचे कपडे धुवायचे आणि रोज महाराजांची छाटी धुऊन मठीत पोचवायची, एवढीच तिची भक्ती.

पण ओढा दर पावसाळ्यात काठ खात झोपडीकडे सरकत होता. आता दारापासून चारच पावले उरली होती.

"महाराज, अवंदा माझं घर जातंय बघा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

महाराज हसले. "नाही जात. वाळुंजाच्या, निर्गुडीच्या फांद्या आण आणि काठाला रोव. ती झाडं पाण्याशेजारीच नांदतात. पाण्याशी कसं वागायचं ते त्यांना ठाऊक असतं."

आता गंमत बघा! तान्हूबाईला जन्मात एकच रोवणे माहीत. कपडे वाळत घालायच्या दोरीचा खुंट! बारीक टोक मातीत, जाड टोक वर आणि त्यावर धोपाटण्याचे दणके. महाराजांचे नाव घेत तिने शंभरेक फांद्या तशाच ठोकल्या. शेंडा खाली, बूड वर!

समोरच्या काठावर खंडेराव पाटलांची केळीची बाग होती. त्या बागेसाठी त्यांनी काठावरचे उंबर, करंज, जांभूळ मुळासकट काढले होते. पाटील पोट धरून हसले.

"अगं ए शहाणे, झाडांचं डोकं मातीत आणि पाय आभाळात! तुझ्या महाराजांनी हेच शिकवलं व्हय?"

बिचारी धावतच मठीत गेली. "महाराज, चुकलं माझं. समद्या उपटून पुन्हा लावू का?"

"उपटू नकोस गं," महाराज म्हणाले. "नाव घेऊन ठोकल्यास ना? मग आता त्यांची काळजी माझ्याकडे."

केवढी ही माया! पंधरा दिवसांत एकूण एक फांदीला पालवी फुटली.

श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी भर दुपारी ओढ्याला लोंढा आला. पाटलांचा काठ ढेकळासारखा विरघळू लागला, केळी आडव्या झाल्या. बागेत बांधलेली गाय सोडवायला पाटील धावले. दावे सुटले, गाय वर पळाली, पण पायाखालची माती पाटलांना घेऊन पाण्यात गेली.

तान्हूबाई दारातच उभी होती. गटांगळ्या खात वाहत आलेल्या पाटलांच्या हाताला तिचे वाळुंज लागले. पण पाच महिन्यांचे ते झाड, अंगठ्याएवढे जाड! त्याने वासरूसुद्धा पेलले नसते.

"महाराज, धरा हो!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. घरातली लुगडी एकमेकांना गाठी मारून तिने पाण्यात फेकली आणि पाटलांना काठावर ओढून घेतले. वाळुंज वाकले, पण तुटले नाही. पाणी उतरले तेव्हा झोपडीपुढची वीतभर मातीही गेलेली नव्हती.

संध्याकाळी दोघे मठीत आले, तर मंडळी गोंधळलेली. निरूपण चालू असताना भर दुपारी महाराज एकाएकी थांबले होते. दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या, अंगाला घामाच्या धारा. घटकाभराने मुठी उघडल्या, तर तळवे सोलवटलेले, चिखलाने भरलेले आणि बोटांना वाळुंजाची तांबूस मुळे गुंडाळलेली!

ते हात पाहून पाटलांना हुंदका आवरेना. "महाराज, मी हसलो हो तुम्हाला!"

"अरे, मी काय केलं? तिनं हाक मारली म्हणून मला कळलं," महाराज म्हणाले. "पाय धरायचे तर तिचे धर."

आणि अख्ख्या गावादेखत खंडेराव पाटलांनी परटिणीच्या पायांवर डोके ठेवले. तान्हूबाई लाजून चूर झाली.

"आवं पाटील, उठा की! चिखलानं भरल्यात माझं पाय."

पाटील मात्र कितीतरी वेळ उठलेच नाहीत.