पन्हळीखाली बसलेला वाघ

फार फार पूर्वीची ही गोष्ट, वाघांना बोलता येत होतं आणि माणसांना ऐकून घ्यायला सवड होती तेव्हाची. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे पाऊस असा पडायचा, की ओढ्यातले मासे पोहत पोहत उंबऱ्यापर्यंत यायचे आणि आत चूल पेटलेली दिसली की आल्या वाटेने परत फिरायचे. खोटं वाटत असेल, तर माशांना विचारा.

त्या गावात प्रत्येक घराला पन्हळ असे. पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतून कोरायचं आणि काथ्याने कौलांच्या कडेखाली आडवं बांधायचं. छपराचं पाणी तिच्यातून वाहत जाऊन चरात पडे. पन्हळ मोकळी असली की भिंत कोरडी. ती पानापाचोळ्याने तुंबली की पाणी भिंतीत मुरे, आणि मातीची भिंत एकदा आतून भिजली की ती कधी बसेल ते कोणी सांगू शकत नसे.

आणखी एक. गावाभोवती दाट रान होतं, आणि रानात वाघ. म्हणून तिथे एक रीत पडली होती. झाडावर, छपरावर, टेकडीवर, कुठेही उंचावर असलेल्या माणसाला वाघ दिसला की त्याने हाळी द्यायची. आणि उंचावरून हाळी आली की ज्याने त्याने घरात शिरून दाराला अडसर घालायचा. कोण ओरडलं, कशासाठी ओरडलं, हे विचारत थांबायचं नाही. पूर्वी एक म्हातारा थांबला होता. त्याला उत्तर मिळालं, पण ते सांगायला तो परत आला नाही.

या गावात तुळाजी नावाचा एक माणूस राहायचा. त्याची बायको येसू. दरवर्षी तुळाजी शिडी लावायचा, येसू खालच्या पायरीवर पाय रोवून दोन्ही हातांनी शिडी धरायची, आणि पन्हळ साफ व्हायची. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पण त्या वर्षी पारावर कोणीतरी बोलून गेलं, की येसू माहेरी गेली तर तुळाजीचं घर गळायला लागेल, कारण तिने हात लावल्याशिवाय गडी काही जमीन सोडत नाही. सगळे हसले. तुळाजीही हसला. घरी आल्यावर मात्र तो भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसला आणि जेवला नाही.

चार दिवस पावसाने झोडपलं आणि पाचव्या दिवशी सकाळी उघडीप पडली. आतल्या भिंतीवर परातीएवढी ओल उठली होती. येसूने ती हाताने चाचपली. घरात सुकं लुगडं एकही उरलं नव्हतं, म्हणून ती धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन ओढ्याकडे निघाली. दारात थांबून ती म्हणाली, "ओल मलाही दिसतेय. पण भिंत दुपारपर्यंत थांबेल. तुम्ही थांबाल का, तेवढं सांगा."

तुळाजीने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिने नीट पाहिलं नाही.

ती वळणाआड गेली आणि त्याने शिडी बाहेर काढली. अंगणाला उतार होता, त्यामुळे शिडीचा एक पाय अधांतरी राहू लागला. त्याखाली त्याने जेवायचा पाट सारला. पाटाखाली हिरवंगार शेवाळ होतं. शिडी हलवून पाहिली, ती हलली. आपण हलवली म्हणून हलली, असं म्हणून तो चढला.

वर सगळं सोपं होतं. काळी, कुजलेली पानं मुठीमुठीने काढून तो खाली टाकत होता. हात पोचेल तितकी पन्हळ मोकळी झाली. तुंबलेला भाग पुढे होता, जेमतेम दीड हात. उतरायचं, शिडी तेवढी सरकवायची, पुन्हा चढायचं. तुळाजीने त्याऐवजी एक पाय पायरीवरून उचलला आणि अंग बाहेर झोकलं.

खाली पाट सरकला.

शिडी वाकडी झाली, भिंतीवर खरखरत गेली आणि एका कौलाला अडून थांबली. तुळाजी दोन्ही हातांनी पन्हळीला लटकला. डाव्या पायाचा अंगठा तेवढा पायरीला लागत होता. अंगठा दाबला की शिडी सरके, उचलला की सगळं अंग हातांवर येई. खाली चराच्या कडेला उभे दगड लावलेले होते, टोकं वर करून. ते दगड गेल्या वर्षी त्याने स्वतःच लावले होते, आणि छान बसलेत म्हणून शेजाऱ्यांना दाखवले होते.

तो जिवाच्या आकांताने ओरडला.

गावाने हाळी ऐकली. पहिल्या घराचा अडसर पडला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. गल्लीतून धावणारी पावलं दिसेनाशी झाली. कोणीतरी कोंबड्या टोपलीखाली झाकल्या आणि टोपलीवर दगड ठेवला. गाव वाघ आला असं समजलं, हे तुळाजीच्या ध्यानात आलं. वाघ नाही, मी आहे, पडतोय, असं तो घसा फोडून सांगू लागला. पण उंचावरून येणारा आवाज ऐकत बसायची त्या गावाला सवय नव्हती. उरलेली दारंही लागली.

मग इतकं शांत झालं, की पन्हळ बांधलेल्या काथ्याची करकर त्याला ऐकू येऊ लागली. काथ्याचा एक पीळ सुटला. थोड्या वेळाने दुसरा.

आणि रानाच्या बाजूने वाघ आला.

तो घाईत नव्हता. हाळी पडली की गाव मोकळं होतं, हे त्याला आजोबांपासून माहीत होतं. बंद दारांवरून नजर फिरवत तो तुळाजीच्या अंगणात आला, सरकलेला पाट हुंगला आणि शिडीपासून चार हातांवर बसला. शेपटी त्याने पायांभोवती गुंडाळून घेतली, पाहुण्यासारखी.

"इतकं कळवळून बोलावलंस," वाघ म्हणाला, "म्हणून आलो."

मी तुला बोलावलं नाही, असं तुळाजी कसंबसं पुटपुटला.

"शिडी कोणी लावली?"

"मी."

"पाट?"

"मीच."

"आणि धरायला कोण होतं?"

तुळाजीने ओढ्याकडच्या वाटेकडे पाहिलं.

"मग हाळीच्या आधीच बोलावलंस की," वाघ म्हणाला. "घाबरू नकोस. मी उडी मारणार नाही, वर चढणार नाही. मला काहीच करायचं नाही. मी फक्त बसणार आहे."

हे ऐकून तुळाजीच्या तळहातांना घाम फुटला, आणि घामाने पन्हळ बुळबुळीत झाली. त्याने अंगठा किंचित दाबला. शिडी बोटभर सरकली आणि कौल कडकडलं. वाघाने कान टवकारले, पुन्हा खाली पाडले. करंगळ्या बधिर झाल्या, मग शेजारची बोटं. आपला हात कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं, हे त्याला कळेनासं झालं. तो भिंतीकडे बघत राहिला. वाघाचा श्वास मात्र कानावर येत होता, सावकाश, पोट भरलेल्या माणसासारखा.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला येसू दिसली. ओचे खोवलेले, डोक्यावर गाठोडं नाही, पळत येत होती. ओढ्यावरच्या बाकी बाया हाळी ऐकून जवळच्या गोठ्यात शिरल्या होत्या. येसूने आवाज ओळखला होता. आपला नवरा उंचावरून ओरडतोय म्हणजे तो उंचावर आहे, आणि आपण इथे आहोत म्हणजे खाली कोणी नाही, एवढंच तिला सुचलं होतं. वाघ तिच्या मनातही आला नव्हता, आणि अंगणाच्या कुंपणाआड बसलेला तो तिला दिसतही नव्हता.

तुळाजीला दिसत होतं. आणखी वीस पावलं, की ती वाघाच्या तोंडाशी. गप्प राहिलं तर ती येईल आणि शिडी धरेल. बोललं तर ती थांबेल, आणि आपले हात तोवर टिकणार नाहीत. आयुष्यात इतका भ्यालेला माणूस त्या गावाने पाहिला नव्हता. त्या वेळीही पाहत नव्हता म्हणा, सगळे अडसराआड होते.

"येसू, मागे फिर," तो म्हणाला. "खाली वाघ बसलाय."

ती थबकली. कुंपणातून तिने वाघाला पाहिलं, आणि वाघाने तिला. मग ती चालू लागली. धावली नाही, एकेक पाऊल टाकत आली. पाट तिने पायाने बाजूला ढकलला, शिडीच्या पायाला टाच लावली, खांदा शिडीच्या दांड्याला टेकवला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वाघ तिच्या पाठीशी होता. तिने मागे पाहिलं नाही.

"बाई, सोड आणि जा," वाघ म्हणाला. "तुझ्या केसालाही धक्का लावणार नाही. माझं काम वरच्याशी आहे."

"माझंही वरच्याशीच आहे," येसू म्हणाली. आणि तुळाजीला म्हणाली, "डावा पाय टेका. पूर्ण. मी धरलीय. आता उजवा. अजून खाली. आली पायरी. हात सोडा, एकच."

एक हात सोडायला तुळाजीला जितका वेळ लागला, तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी सगळी पन्हळ साफ केली असती. पण त्याने सोडला. मग दुसरा. शिडी थरथरत होती, पण सरकत नव्हती.

वाघ थोडा वेळ पाहत राहिला. मग उठला, पाठ ताणली.

"एकटं माणूस दिसलं की मला भूक लागते," तो म्हणाला. "दोघं झाली की जाते. कशी, ते मलाही कळत नाही." आणि चर ओलांडून तो रानात गेला.

तो गेल्यावर येसूच्या तोंडून हुंदका फुटला, पण हात सुटले नाहीत.

तुळाजी शेवटून चौथ्या पायरीवर होता तेव्हा वर उरलेला काथ्या तुटला. इतका वेळ त्याला पेलून दमलेली पन्हळ चिखलापाचोळ्यासकट खाली आली आणि त्याच्या उजव्या मनगटावर आदळली. मनगट मोडलं. तो पडला नाही, कारण शिडी धरलेली होती; पण आणखी घटकाभर आधी हे झालं असतं, तर सांगायला गोष्ट उरली असती, तुळाजी नाही.

संध्याकाळी गावाने दारं उघडली आणि वाघाने कोणाला नेलं म्हणून विचारत माणसं अंगणात जमली. तुळाजीने सगळं सांगितलं, शेवाळावरच्या पाटासकट. कोणी हसलं नाही. त्या पावसाळ्यात त्याच्या घराची एक भिंत बसली, आणि दोन महिने त्याला येसूच्या हातून घास घ्यावा लागला. तेव्हापासून त्या गावात उंचावरून हाळी आली की माणसं आधी शिडी कुठे लागलीय ते बघतात, मग दारं लावतात. आणि दुसऱ्याचा पाय खालच्या पायरीवर पडल्याशिवाय कोणी वरच्या पायरीवर चढत नाही.

लहानथोरांनो, ध्यानात धरा: उंच चढण्याआधी शिडी पक्क्या जमिनीवर टेकवा आणि ती धरायला माणूस उभं करा, कारण खालची रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही.