सातवी पायरी

"आता यात सुधारायचं काय राहिलंय, तुम्हीच सांगा ना अप्पा."

ओजस टिल्लूने विचारलं, पण सूर जाब विचारल्याचा होता.

अप्पा केळुसकरांनी वीस वर्षांपूर्वी टेक्स्ट एडिटरमध्ये नोंदी ठेवायचं एक साधन तयार केलं आणि फुकट वाटलं. साधन झकास, माहितीपुस्तिका मात्र भिकार. हे मी, त्यांचा जुना शेजारी, त्यांना तोंडावर सांगत आलोय. ओजसने चार महिने खपून ती नव्याने लिहिली. त्या दिवशी संध्याकाळी ती सगळ्यांसाठी खुली करायची होती. अप्पांनी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

अप्पा काही 'हो' म्हणेनात.

"एक तरी चूक दाखवा."

"मला नाही दिसत."

"मग अडलंय कुठे? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"मला न दिसून काय उपयोग..."

पडवीत शेट्येबाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. अकरा वर्षं दर रविवारी सोळा गावांतल्या विहिरींचं पाणी मोजत आलेल्या. कागदाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, उरलं ते सगळं या लॅपटॉपात. साधन शिकायला म्हणून त्या आल्या होत्या.

अप्पांनी पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली. "यात लिहिलंय तसंच करत जा, बाई."

मग ओजसकडे वळून म्हणाले, "तू तोंडात मूग धरून बस."

ओजस हसला. "बसतो की."

"तुझा भरवसा नाही." अप्पांनी तांब्या पुढे केला. "घोट घे. गिळायचा नाही."

ओजसने गाल फुगवले. मला हसू आलं.

पहिल्या तीन पायऱ्या बाई सरसर चढल्या. ओजसने माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

चौथीला त्या अडखळल्या. मागे गेल्या, पुन्हा वाचलं. ओजसचा हात उठला. अप्पांनी तो धरून खाली ठेवला.

सहावी पायरी : 'सरावासाठी नमुन्याची वही उघडा.' बाईंनी ती उघडली. शेजारी विहिरींची वही, म्हणजे त्यांच्या अकरा वर्षांच्या नोंदींची फाइल, आधीपासून उघडी होतीच. एक आकडा बघायला म्हणून त्या तिकडे गेल्या, आणि कर्सर तिथेच राहिला.

मग त्यांनी सातवी पायरी मोठ्याने वाचली. "सराव झाल्यावर 'साफ' हा आदेश देऊन वही पुसून टाका."

ओजस ताठ झाला.

त्याच्या मशीनवर नमुन्याची एकच वही उघडी असायची. कोणती वही, हे लिहावं असं त्याला सुचलंच नव्हतं. आणि साफ केलेली वही परत मिळत नाही.

बाईंनी एकेक अक्षर टाइप केलं. सा... फ...

अप्पांना लॅपटॉपचा पडदा दिसत नव्हता. ते ओजसच्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांचा संताप आला, खरं सांगतो. अकरा वर्षं त्या एका बटणाखाली होती, आणि हा म्हातारा गप्प.

बाईंचं बोट एंटरवर गेलं.

ओजसच्या तोंडातलं पाणी पुस्तिकेवर उडालं. "थांबा! ती तुमची वही आहे, नमुन्याची नाही! पुसली की परत येत नाही! प्रत काढली होती का?"

बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "प्रत?... काढायची असते होय?"

बाईंनी टाइप केलेली अक्षरं एकेक करून खोडली.

अप्पांनी ओली पुस्तिका धोतराच्या सोग्याने पुसली आणि ओजसच्या हातात दिली.

"आत्ता जे ओरडलास... ते कुठल्या पानावर आहे?"