दुसरं टोक

“पण हरवलं की नाही मी त्याला? भर सभेत हरवलं की नाही?”

मार्तंडानं हे तिसऱ्यांदा विचारलं. पाठशाळेची गादी कोणाकडे द्यायची ते शास्त्रीबुवा आज सांगणार होते, आणि म्हातारा सकाळपासून तोंड उघडायला तयार नव्हता. संताप येईल नाही तर काय!

शास्त्रीबुवा ओट्यावर बसून अंगणातल्या ओंडक्याकडे बघत होते. अर्धवट कापलेला ओंडका, आणि त्यात दोघांनी ओढायची लांब करवत. काल सभेला जाईपर्यंत तिच्या एका टोकाला मार्तंड होता, दुसऱ्या टोकाला त्याचा गुरुबंधू त्र्यंबक.

“त्र्यंबक कुठाय?”

“गेला पहाटेच, गाठोडं बांधून. तोंड दाखवायला जागा कुठे उरली होती त्याला!”

“वाद कशावर होता?”

“दही दुधात आधीपासून असतं का, यावर. तो म्हणाला, असतं. मी म्हटलं, मग उद्यापासून दुधाचीच कढी कर! सभा हसून हसून लोळली, गुरुजी.”

“त्यावर तो काय म्हणाला?”

“लोक टाळ्या पिटत होते, गुरुजी!”

“अरे, काय म्हणाला तो?”

“हसण्यात ऐकू नाही आलं. बोलत होता काहीतरी.”

“काहीतरी!” शास्त्रीबुवा कडाडले. “बारा वर्षं घसा फोडला मी तुझ्यापुढे! समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं मांडायचं. ‘हो, हेच म्हणतोय मी’ अशी त्यानं मान डोलावली, की मग खोडायचं. डोलावली होती त्यानं मान?”

मार्तंडाची कानशिलं तापली.

“मी जिंकून आलोय आणि आपण मलाच झापताय? गादी देणार की नाही, ते एकदाचं सांगा!”

“देतो. आधी तो ओंडका काप.”

“एवढंच ना? आत्ता कापतो!”

मार्तंडानं धोतर खोचलं, करवतीची मूठ धरली आणि दातओठ खात ओढली. पातं आलं. परत ढकललं, तर मधेच वाकून लाकडात रुतलं. पुन्हा ओढलं, पुन्हा रुतलं. तळहाताची सालटी निघाली, पण ओंडका तसूभर कापला जाईना. पलीकडची मूठ नुसती थरथरत होती.

“गुरुजी!” तो शेवटी ओरडलाच. “पलीकडून ओढायला कोणीतरी हवं ना!”

शास्त्रीबुवा जागचे हलले नाहीत.

“कशाला?… जिंकलास ना तू?”