धोंडगिरी महाराजांनी घेतलेली पाळी

शेवरेबंदर म्हणजे पंचवीस-तीस घरांचे गाव. पुढे समुद्र, मागे कातळ. त्या कातळाच्या टोकावर, भाविकहो, आमचे धोंडगिरी महाराज राहत. कमरेला लंगोटी, बसायला एक धोंडा आणि शेजारी खांबावर टांगलेला कंदील, एवढाच त्यांचा संसार. रात्री परतणारी गलबते खडकावर आदळू नयेत म्हणून महाराज स्वतः तेलवात करीत आणि रात्रभर जागून कंदील तेवत ठेवीत. स्वभाव मात्र जमदग्नीचा! पाया पडायला आलेल्याला आधी शिवी, मग अंगारा. आणि खरे सांगू? ही हकीकत सांगताना माझेही डोके तापते, तेव्हा एखादा शब्द तिखट गेला तर सांभाळून घ्या.

गावात धाकू तारी नावाचा खलाशी होता. बोलायला गरीब, कामाला वाघ. एका वर्षी कौले भरून गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याला निघाले, तेव्हा तो महाराजांकडे आशीर्वाद मागायला गेला. महाराज कडाडले, "आशीर्वाद कसला मागतोस मेल्या? आपली पाळी नीट कर! पुढचा माणूस 'घेतली' म्हणेपर्यंत सुकाणू सोडू नकोस. एवढं पाळलंस तर मी आहे. नाही पाळलंस तर तोंड दाखवू नकोस!" धाकूने ते शब्द मनात बांधून घेतले.

आता ही पाळीची रीत काय, ते सांगतो. रात्रीचे चार प्रहर, एकेका प्रहराला सुकाणूवर एकेक माणूस. आकाशातली चांदणी ठरल्या जागी उतरली की पाळी संपली. मग सुकाणूवरचा माणूस म्हणणार, "पाळी घे!" पुढच्याने सुकाणूच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून म्हणायचे, "पाळी घेतली!" ते ऐकू आले की मगच पहिल्याने हात काढायचा. अंधारात गलबत क्षणभरही बिनहाती राहू नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली ही रीत.

पण त्या गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, होता हिरोजी. स्वतःचेच गलबत, त्यात वीस सफरींचा अनुभव, मग काय विचारता! उत्तर देण्यातही त्याला कमीपणा वाटे. पाळीला आला की धाकूला ढोसायचा आणि म्हणायचा, "सरक."

धाकू सरकेना. "तांडेल, 'घेतली' म्हणा, मग सोडतो."

"मी तांडेल! तू मला शब्द म्हणायला लावणार?"

"महाराजांनी सांगितलंय."

यावर हिरोजी खदाखदा हसला, म्हणून बाकीचे खलाशीही हसले. काय बिघडले असते हो दोन शब्द म्हटले असते तर? जीभ झिजली असती? पण मस्ती चढली की माणसाला साधी गोष्टही जड होते. शेवटी दात-ओठ खात त्याने ते शब्द म्हटले आणि डूक धरला.

जाताना वारा चांगला लागला, माल विकला, लवंगा भरल्या. पाऊस लागायच्या आत घर गाठायचे म्हणून चैत्राच्या शेवटी गलबत माघारी फिरले. पहिले पंधरा दिवस शीड तट्ट फुगलेले होते. मग वारा मेला. चार दिवस पाणी तेलासारखे पडून राहिले, शीड लोंबकळले आणि पिण्याचे पाणी मोजून मिळू लागले. उकाड्याने माणसे एकमेकांवर खेकसू लागली. हिरोजीला तर निमित्तच हवे होते. तो म्हणाला, "तुझ्या बुवाला वारा आणता येत नाही काय रे? आजपासून दोन पाळ्या सलग तुझ्या. आणि पेंगताना दिसलास तर घरी गेल्यावर कुठल्याच गलबतावर तुला पाय ठेवू देणार नाही. दमलास तर बुवाला बोलाव पाळी करायला!"

धाकूच्या घरी चार खाणारी तोंडे. त्याने मान खाली घातली आणि दोन रात्री दोन-दोन पाळ्या केल्या.

तिसऱ्या रात्री हवा पालटली. दक्षिणेकडे वीज नुसती लवत होती, आवाज नाही. समुद्राला खालून फुगवटा येऊ लागला. बघता बघता ढगांनी आकाश झाकले आणि एकही चांदणी दिसेना. पाळी कधी संपली हे कळायचे कसे? पण धाकूचे खांदे सांगत होते की दोन प्रहर केव्हाच उलटले. त्याने हाक मारली, "तांडेल, पाळी घ्या!"

चार हातांवर हिरोजी घोंगडी पांघरून पडला होता. उत्तर नाही.

"तांडेल, हवा बरी दिसत नाही. पाळी घ्या!"

उत्तर नाही. धाकूने तिसऱ्यांदा जीव तोडून हाक मारली. भाविकहो, तो नीच माणूस जागा होता! तिन्ही हाका त्याने ऐकल्या आणि घोंगडीत तोंड दाबून हसला. अकरा माणसांचे जीव त्या दांड्यावर, आणि याला सूड सुचत होता!

इतक्यात वारा कोसळला. दक्षिणेकडून असा तडाखा आला की गलबत एका कुशीवर झोपले. लाटा आत येऊ लागल्या. धाकूचे हात बधिर झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. दांडा निसटता तर गलबत आडवे होऊन उलटलेच असते. "महाराज, मला सोडता येत नाही आणि धरवतही नाही!" तो रडून ओरडला.

तोच त्याच्या हातांशेजारी दुसरे दोन हात दांड्यावर पडले. कानाशी आवाज गरजला, "पाळी घेतली! सोड आता, गाढवा! किती वेळ बोलावतोस!"

धाकूने शब्द ऐकले, हात काढले आणि तिथेच फळ्यांवर कोसळून झोपला. "शीड उतरवा मेल्यांनो, बघता काय!" आवाज पुन्हा कडाडला. खलाशी धावले, शीड उतरले, गलबत सावरले. हिरोजीने घोंगडीतून डोके काढले. वीज चमकली, तेव्हा सुकाणूवर त्याला एक उघडी पाठ आणि लंगोटी दिसली. भीतीने त्याने पुन्हा डोके आत घेतले.

पहाटे वादळ निवले. सुकाणूवर कोणी नव्हते आणि गलबत सरळ चालले होते. खलाशी म्हणाले, "तांडेल, रात्री काय आवाज लावलात! तुम्ही होतात म्हणून वाचलो." आणि ऐका, संताप येतो मला, हिरोजी म्हणाला, "मग! तांडेल कशाला म्हणतात?"

आठव्या दिवशी संध्याकाळी शेवरेबंदर आले. खलाशी नारळ घेऊन कातळावर गेले, लोकलाजेस्तव हिरोजीही गेला. महाराजांनी नारळ भिरकावून दिला.

"या तांडेल! वादळातून गलबत आणलंत म्हणे? दाखवा हात!"

हिरोजीने हात पुढे केले. त्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. मग महाराजांनी आपले तळहात उघडले. दोन्हींची सालटी निघाली होती. गावकरी चकित झाले. आठ दिवसांपूर्वी एका रात्री महाराज कंदिलाच्या खांबाला मिठी मारून पहाटेपर्यंत शिव्या देत होते, हे त्यांनी पाहिले होते. का, ते आता कळले.

"धाकूने किती हाका मारल्या रे?" महाराजांचा आवाज अचानक खाली आला. "तीन. तिन्ही वेळा तू जागा होतास."

हे घोंगडीबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. हिरोजीने आधी धाकूचे पाय धरले, मग महाराजांपुढे लोटांगण घातले. "महाराज, चुकलो! काय ती शिक्षा करा."

"ऊठ. रडू नकोस, मला राग येतो." महाराजांनी तेलाची बुधली त्याच्यापुढे आदळली. "अजून तीन गलबतं बाहेर आहेत, आणि आठ रात्री कशीबशी केली, आता माझ्या हातांना वात धरवत नाही. पाळी घे!"

अंधार पडत होता. सगळे गाव त्याच्याकडे पाहत होते. हिरोजीने दोन्ही हातांनी बुधली उचलली, कपाळाला लावली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाळी घेतली, महाराज."

तेव्हा कुठे महाराज आपल्या धोंड्यावर आडवे झाले, आणि त्या रात्री शेवरेबंदरने त्यांना पहिल्यांदा झोपलेले पाहिले.