ओवी संपेल तिथलं कडं

फार फार मागची, डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात तापाची साथ आली. घरटी एक अंथरूण धरलेलं. त्या तापावर औषध एकच, कडू किराईत, आणि ते उगवायचं गावामागच्या पठारावर.

राजाने म्हाताऱ्या वैद्यीणबाईंना बोलावलं. "पठारावरचं किराईत साऱ्या राज्याला पुरेल का? पुरत नसेल तर घाटापलीकडून आणायला माणसं आत्ताच धाडायला हवीत. पाऊस लागला की घाट बंद."

घाट मोठा वाईट. त्या वाटेने बैल नेणारा गडी राज्यात एकच, आणि तो वैद्यीणबाईंचाच लेक.

प्रधान म्हणाला, "त्यात विचारायचं काय? पठारावर झऱ्याकाठी पाय ठेवायला जागा नाही, एवढं माजलंय."

"मीही जन्मभर झऱ्याकाठीच खुडत आले, प्रधानजी," बाई म्हणाल्या. "म्हणून तर माझ्या पायांवर माझा भरवसा नाही. ते ओळखीच्या जागीच जातात."

बाईंनी वेताचं, हातभर रुंदीचं एक गोल कडं घेतलं. पठाराच्या या टोकापासून त्या टोकाला नाकासमोर चालायचं, तोंडाने ओवी म्हणायची, आणि ओवी जिथे संपेल तिथेच कडं टाकायचं. दर कड्याला प्रधानाने एक काडी ठेवायची. आत जितकी रोपं, तितके खडे बाईंनी ओटीत घालायचे.

पहिलंच कडं उघड्या खडकावर पडलं. प्रधान हसला. "हे काही धरायचं नाही. दुसरीकडे टाका."

"काहीच नाही, हेही मोजायचं असतं. ठेवा काडी."

ऊन चढलं. काट्यांनी लुगडं फाटलं, पण बाईंनी वाट वाकडी केली नाही. काड्यांची मोळी होत चालली, ओटीतले खडे काही वाढेनात. आता लेकाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. तेवढ्यात पुढे किराईताने भरलेला खळगा दिसला, आणि ओवी आपोआप लांबली. शेवटचा शब्द घोळवत घोळवत बाई खळग्यापाशी पोचल्या.

"गळा छान लागलाय आज," प्रधान हळूच म्हणाला.

बाई थबकल्या. मुकाट मागे फिरल्या. ओवी खरी संपली होती तिथे नुसती ढेकळं होती. त्यांनी तिथेच कडं टाकलं.

संध्याकाळी राजापुढे काड्या आणि खडे शेजारी शेजारी मांडले. काड्या जास्त, खडे कमी.

"कड्यामागे एक रोपसुद्धा येत नाही, महाराज. अशा कड्यांनी सारं पठार झाकलं तरी निम्म्या राज्याला पुरायचं नाही. माणसं धाडा."

लेक दाराशी उभा होता. म्हणाला, "आई, झऱ्याकाठी तर पुष्कळ आहे म्हणतात."

"झरा म्हणजे पठार नव्हे रे बाळा. चल, भाकरी बांधून देते."

ऐन पावसाळ्यात पठारावरचं किराईत संपलं. तेव्हा घराघरांतल्या चुलींवर उकळत होतं ते घाटापलीकडून आलेलं. बाईंचा लेक एक बैल गमावून आला, लंगडत आला, पण आला. आणि त्या साथीत राज्यातलं एकही माणूस औषधावाचून गेलं नाही.

मन ओढ घेईल तिथेच न थांबता रिकाम्या जागाही जो मोजतो, त्यालाच खरं कळतं.